जमीन हलली की

माझ्या अक्काला, सोयराबाईला, लोक शांत बाई म्हणतात. शांत कसली, मुकी म्हणा. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, पण तिच्या वाटणीचं बोलणंसुद्धा मलाच मिळालं, असं आमचे हे नेहमी म्हणतात. हे म्हणजे भगवंतराव. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी केली आणि बेंगळूरच्या के. आर. पुरम स्टेशनच्या मागं दोन खोल्यांचं घर बांधून निवृत्त झाले. आम्हाला मूलबाळ नाही. अक्काचा अवधूत तोच आमचा, असं मी धरून चालले होते, आणि अक्कानंही कधी हरकत घेतली नाही. घेतली असती तरी बोलली थोडीच असती.

आमचं माहेर कोलारचं. तीनशे वर्षांपूर्वी आमचे कोण पूर्वज तलवारी घेऊन इकडे आले, आणि तलवारी गंजल्यावर इथलेच झाले. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि अक्का लग्न करून केजीएफला, सोन्याच्या खाणीच्या गावात गेली तेव्हा तिला तमिळही शिकावं लागलं. तिचे यजमान हंबीरराव खाणीत सुरुंग लावायचं काम करायचे. खडकाला भोकं पाडायची, त्यात जिलेटीन भरायचं, वात पेटवायची, बाजूला व्हायचं. एकेका भोकाला ते बार म्हणत. किती बार भरले आणि किती उडाले हे मोजल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हा त्या कामाचा पहिला धडा.

त्या गावाचा अक्काला भारी अभिमान. तिथं वीज बेंगळूरच्या आधी आली, हे ती न बोलणारी बाईसुद्धा आल्यागेल्याला ऐकवायची. साहेबांचे बंगले, क्लब, मोठा दवाखाना, शाळा, नाटकाचा हॉल, सगळं होतं. मी गेले की मला मात्र दुसरंच दिसायचं. एकाला एक चिकटलेल्या खोल्यांच्या रांगा, प्रत्येक रांगेला एक नळ, आणि जिकडे बघावं तिकडे खाणीतून उपसलेल्या मातीचे पांढुरके डोंगर. वारा सुटला की ती माती भातात पडायची. खाली इतकं उकडतं की माणसं लंगोटीवर काम करतात, हे मला हंबीररावांनी सांगितलं होतं. सोनं कुठं जात होतं कोण जाणे, त्या रांगांत तरी ते मला कधी दिसलं नाही.

पुढं सोनं कमी होत गेलं, खोल जावं तसा खर्च वाढला, आणि नवी भरती थांबली. मग पोरं पहाटेची पॅसेंजर पकडून बेंगळूरला कामाला यायला लागली. आमच्याच स्टेशनवर शेकड्यांनी उतरायची आणि संध्याकाळी परत चढायची. दिवसा गावात म्हातारे आणि बायका. क्लबाला कुलूप, दवाखान्यात डॉक्टर असला तर असला. गाव असं मरत गेलं, पण अक्कासमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

आता त्या गावाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं. तिथं मधूनच जमीन हलते. शंभर वर्षं आतून पोखरलेली जमीन, खाली कुठंतरी खडक दाबानं फुटतो आणि वरती घरातली भांडी वाजतात. जमीन हलली की आपण काय करू, घराबाहेर मोकळ्यावर पळू. तिथल्या बायका खाणीकडे पळतात. ज्या शाफ्टमधून, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरीतून, आपला माणूस खाली गेला असेल त्या शाफ्टच्या तोंडाशी. भात चुलीवर असो, पोर अंगावर पीत असो. चप्पल घालायला थांबायचं नाही. तिथं चप्पल घालून पोचलेली बाई सगळ्यांच्या नजरेत यायची, हिला बरा वेळ मिळाला म्हणून. शाफ्टभोवती दोर बांधलेला असतो, पण त्या बायकांना कोणी अडवत नाही. पहारेकरी स्वतःच दोर वर उचलतो. मी एकदा तिच्याकडे राहायला गेले असताना हे बघितलं. मला वाटलं भूकंपच झाला, मी आपली देवाचं नाव घेत दारात उभी, आणि अक्का माझ्या अंगावरून पार निघून गेली. तासाभरानं परत आली, पाय धुतले आणि भाकरी थापायला बसली. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, दुसरीकडे फुटलं."

शहाऐंशी साली ते दुसरीकडे फुटलं नाही. हंबीरराव आणि आणखी काही जण खाली अडकले. अक्का शाफ्टच्या तोंडाशी बसून राहिली ती त्यांना वर आणेपर्यंत. मी पोचले तेव्हा तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि तिनं पाणीही घेतलं नव्हतं. मृतदेह वर आला तेव्हा ती रडली नाही. पांढऱ्या धुळीनं माखलेला तो चेहरा तिनं पदरानं पुसला, आणि मग वळून अवधूतकडे बघितलं. ती नजर मी विसरलेली नाही.

कारण अवधूतही खाणीतच होता. बाप ज्या शाफ्टमध्ये त्याच शाफ्टमध्ये मुलगा, हेही तिथलं ठरलेलंच. मिसरूड फुटल्यापासून तो बापाच्या हाताखाली सुरुंगाचं काम शिकत होता. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती म्हणून वाचला. बाप गेल्यावर बापाची जागा त्यालाच मिळणार होती. चांगली कायमची नोकरी. सगळी रांग अक्काला समजवायला आली. अक्कानं दिवस झाल्यावर पोराला समोर बसवलं, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी जिवंत असेपर्यंत जमिनीखाली उतरायचं नाही." एवढंच. मग दोघं ट्रंक घेऊन पॅसेंजरनं आमच्या दारात आली. लोकांनी तिला वेडी ठरवलं. मला तर तेव्हा तिची पाठ थोपटावीशी वाटली. शहाण्यासारखं तिनं आयुष्यात एवढं एकच केलं असं मी म्हणायची.

अवधूतला ह्यांच्या ओळखीनं एका कारखान्यात स्टोअरमध्ये लावलं. नटबोल्ट मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. पोरगा हुशार नव्हता, पण सरळ. घरी आला की आईच्या शेजारी बसून शेंगा सोलायचा, दोघं तासन्‌तास काही बोलायची नाहीत. मी मधे मधे चार शब्द टाकायची म्हणून ते घर घरासारखं वाटायचं. अक्काचं एकच काम असायचं. संध्याकाळ झाली की ओट्यावर बसायची आणि अवधूतची सायकल वळणावर दिसली की उठून आत जायची. जणू बसलीच नव्हती.

पंच्याण्णव साली तो कारखाना बंद पडला. हे मला दोन वर्षांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, उगीच कोडी घालत बसायची मला सवय नाही. पोरानं घरात सांगितलंच नाही. तिकडे सर्जापूर रोडला, इकडे आमच्या बाजूला, जिथं बघावं तिथं इमारती उठायला लागल्या होत्या, आणि बेंगळूरची जमीन वरून मऊ पण खाली सगळा काळा खडक. पाया खणायचा तर सुरुंग लावल्याशिवाय इलाज नाही. असं काम येणारी माणसं बेंगळूरला कुठून मिळणार? ती केजीएफहून आली. कुणीतरी अवधूतला ओळखलं, ठेकेदाराकडे नेलं, आणि आमचा पोरगा पुन्हा सुरुंग लावायला लागला. त्याला दुसरं येत काय होतं? नटबोल्ट मोजणारे शंभर मिळतात.

तो सकाळी डबा घेऊन कारखान्यात जातो म्हणून निघायचा आणि संध्याकाळी ओल्या केसांनी यायचा. मी विचारलं तर म्हणे, कारखान्यात आता नळ बसवलेत, अंघोळ करून निघतो. मी म्हटलं, बरं झालं, आमचं पाणी वाचलं. घरी आल्यावर बऱ्याचदा डोकं धरून बसायचा. अक्का न बोलता त्याच्या कपाळाला बाम चोळायची. मी त्याच्यासाठी मुली बघत होते, चंदना नावाची एक फारच छान होती, बी.ए. झालेली, होसकोट्यातल्या आपल्याच मराठी घरातली. हा प्रत्येकीला नाही म्हणायचा. मी त्याला काय काय बोलले नाही. तुला काय राजकन्या हवी का, आरशात बघितलंस का कधी. तो हसायचा. मुलीकडचे कारखान्यात चौकशीला येतील म्हणून तो नाही म्हणत होता, हे माझ्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. घरात सगळ्यात जास्त बोलणारी मी, आणि सगळ्यात कमी माहिती मला.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या घराजवळ, तळ्याच्या कडेच्या पडीक जागेत मोठी इमारत उठणार म्हणून पत्रे लागले. चारच दिवसांत खड्डा खणून खडकाला लागले. अवधूतच्या ठेकेदारानंच ते काम घेतलं होतं. पोरानं नको म्हणून पाहिलं असणार, पण ठेकेदाराचं काम म्हणजे कुठं जायचं हे आपल्या हाती नसतं. तेव्हा तो माझ्याकडे आला. मी स्वयंपाकघरात होते. हळूच म्हणाला, मावशी, गुरुवारी आईला जरा शिवाजीनगरच्या बाजारात घेऊन जा, साडी घे, जेवा तिकडेच, संध्याकाळी या. मला आनंद झाला. म्हटलं पोराला आईची हौस करावीशी वाटतेय. कारण विचारलं असतं तर त्यानं काहीतरी थाप मारलीच असती, पण कारण सांगितलं असतं ना त्या मेल्यानं, तर मी अक्काला शिवाजीनगरला काय, म्हैसूरला नेऊन ठेवलं असतं. आजही त्याचा राग येतो मला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो.

गुरुवारी आम्ही गेलो. शिवाजीनगरच्या बसस्टँडवर ही गर्दी, ऊन नुसतं रणरणत होतं. अक्काला कशातच रस नव्हता. साडी दाखवली की सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणायची, दुसरी दाखवली की तीही सरी. शेवटी मीच एक निळी घेतली. जेवायला बसलो तर दोन घास खाल्ले आणि पान सारलं. म्हणाली, घरी जाऊ. मी म्हटलं स्वल्प थांब, आत्ता कुठं आलोय, तर ती उठून उभीच राहिली. अक्काला एकदा जायचं झालं की बैल लावून ओढलं तरी थांबत नाही. आम्ही दुपारच्याच बसनं परत निघालो.

बस मोठ्या रस्त्याला सोडते. तिथून तळ्याच्या कडेकडेनं आमचं घर. आम्ही त्या वाटेला लागलो आणि पायाखालून एक धक्का वर आला. तळव्यातून गुडघ्यापर्यंत गेला. मग आवाज, दबका, जमिनीच्या आतून आल्यासारखा. लगोलग दुसरा. मी अय्यो म्हणून बाजूच्या भिंतीला धरलं. वळून बघते तर रस्त्यात अक्काची पिशवी पडलेली, साडीचं पुडकं बाहेर आलेलं आणि तिच्या दोन्ही चपला. अक्का पुढं धावत होती.

तिचे गुडघे दुखायचे. देवळाच्या पायऱ्या चढताना माझा खांदा धरायची. ती बाई पदर खोचून अशी धावत होती की मला काही ती गाठता येईना. मी हाका मारत होते, तिला ऐकू जात नव्हतं. पत्र्यांमध्ये एक मोकळी जागा होती, तिथं दोर बांधला होता, आणि दोराच्या अलीकडे रिकामटेकडी माणसं मजा बघत उभी होती. एक जण शिट्टी वाजवून लोकांना मागं सारत होता. अक्का त्या गर्दीतून वाट काढत गेली आणि तिनं वाकून दोर वर उचलला. कोणी उचलून दिला नाही तर तिनं स्वतः उचलला. शिट्टीवाल्याचा हात माझ्या दंडावर पडला, तिच्यावर नाही.

बार काही उडाले होते, सगळे उडाले नव्हते. एक राहिला होता. हे मला त्या शिट्टीवाल्यानं नंतर सांगितलं. सुरुंगवाला खड्ड्याच्या पलीकडे पाण्याच्या टँकरमागं उभा राहून मोजत होता. मी बघितलं ते एवढंच, की टँकरमागून एक माणूस बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, आणि हात हलवत अक्काच्या दिशेनं धावायला लागला. आधी मी त्याला ओळखलं नाही. मग धावण्यावरून ओळखलं, आमचा अवधूत. त्यानं अक्काला धरलं, मातीच्या ढिगामागं ढकललं आणि तिच्यावर पालथा पडला. तेवढ्यात राहिलेला बार उडाला. वरती वाळूची पोती टाकली होती, टायर टाकले होते, तरी एक दगड सुटला. फार मोठा नव्हता, नारळाएवढा. अवधूतच्या मानेत बसला.

मी पोचले तेव्हा अक्कानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिला कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं, फक्त पाय खडीनं रक्ताळलेले. त्याचे डोळे उघडे होते. तो मला बघत नव्हता, तिला बघत होता. आणि काय बोलला ते सांगते, कारण ते मी कानानं ऐकलं.

"आई, मी खाली उतरलो नाही गं. वरच होतो. उघड्यावर."

"हो रे बाळा," अक्का म्हणाली. "बघितलं मी."

ती पदरानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसत राहिली. ठेकेदाराच्या जीपमधून आम्ही दवाखान्यात नेलं, पण अर्ध्या वाटेतच तो गेला. मला तर कळलंही नाही, मी ड्रायव्हरला लवकर चल, लवकर चल म्हणून शिव्या घालत होते. अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मी गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं केजीएफची माणसं आली. कुणी कळवलं कोण जाणे, पण आमच्या गल्लीत उभं राहायला जागा उरली नाही. पद्माकर म्हणून हंबीररावांचे जुने जोडीदार होते, छाती धरून धरून चालणारे, तेही आले. त्यांच्यात मयताच्या घरी कोणी फार बोलत नाही. बायका येऊन अक्काजवळ बसल्या, तिचे पाय बघितले, आणि एकीनं कोमट पाणी आणून ते धुवायला घेतले. मला ते बघवेना. मी मागच्या दारी जाऊन रडले, चांगली मोठ्यानं रडले. मला मुकं रडता येत नाही.

गल्लीतल्या लोकांचं मात्र निराळंच चाललं होतं. दळणाच्या गिरणीवर, नळावर, सगळीकडे तेच. म्हातारी आत घुसली नसती तर पोरगा जिवंत असता. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं, मनाई असताना एक वृद्ध महिला आत शिरली म्हणून. खोटं नव्हतं ते. म्हणूनच मला ते ऐकवत नव्हतं. मी गिरणीवाल्याशी भांडले, शेजारच्या श्यामलाशी बोलणं टाकलं, आणि अक्काच्या कानावर ते जाऊ नये म्हणून तिला घराबाहेरच पडू दिलं नाही. तिनं काही विचारायच्या आतच मी तिला सांगून टाकलं की अवधूत तुझ्यासाठी बाहेर आलाच नव्हता. एक बार उडाला नाही म्हणून तो बघायला निघाला, घाई केली पोरानं, आणि वाटेत तू दिसलीस एवढंच. मी आयुष्यात पुष्कळांना टाकून बोलले असेन, पण खोटं बोलायची मला सवय नाही. ते मी अगदी डोळ्यात बघून बोलले. अक्कानं मान हलवली. मला वाटलं, पटलं तिला.

पावसाळा गेला, दसरा गेला. अक्का जेवायची, निजायची, सांगेल ते काम करायची. संध्याकाळी ओट्यावर बसत नव्हती. मागं इमारतीचं थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं, दुसरा कोणी सुरुंगवाला आणला होता, आणि आता दिवसाआड जमीन हलायची. पहिल्यांदा हलली तेव्हा आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. अक्का ताडकन उठली. दाराशी गेली. मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली तर आम्ही दोघी उंबऱ्यावर पडलो. माझं मनगट मुरगळलं. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि रात्रीपर्यंत माझं मनगट शेकत बसली. त्यानंतर मी दुपारी दाराला आतून कुलूप लावून चावी कमरेला खोचायला लागले.

दिवाळीच्या आधी एक दिवस तिनं ट्रंक काढली. म्हणाली, गावाला जाते. कुठल्या गावाला, तर केजीएफला. पद्माकररावांच्या घरामागं एक खोली रिकामी आहे, त्यांच्या बायकोनं ये म्हटलंय. मी हातातलं भांडं आपटलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. खाण आज बंद होते की उद्या अशी अवस्था, गावात पाणी येत नाही, दुकानं बंद पडलीत, जवान माणसं सगळी इकडे येतायत आणि ही म्हातारपणी तिकडे चालली. आमचं काय चुकलं ते तरी सांग, म्हटलं. ती साड्यांच्या घड्या घालत राहिली. त्यातली ती निळी, पुडक्यातून न काढलेली, तिनं माझ्या कपाटात ठेवली. हे म्हणाले, जाऊ दे तिला थोडे दिवस, येईल परत. मला माहीत होतं ती येणार नाही.

तिला गाडीत बसवायला मीच गेले. संध्याकाळची पॅसेंजर, त्यामुळे फलाट कामावरून परतणाऱ्या पोरांनी भरलेला. त्यातली काही अवधूतच्या ओळखीची असणार, अक्काला बघून बाजूला झाली, एकानं बाकावर जागा करून दिली. बसल्यावर अक्का आपणहून बोलली. असं ती वर्षातून एकदा बोलत असेल.

"मला ठाऊक होतं तो काय करतो ते."

मग तिनं सांगितलं. जिलेटीन हाताळलं की माणसाचं डोकं दुखतं, तिच्या घरात तीस वर्षं दुखत होतं. कारखान्यातल्या नटबोल्टांनी तसं डोकं दुखत नाही. पहिल्याच आठवड्यात बाम चोळताना तिला कळलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस, अडवलं का नाहीस. तर म्हणाली, अडवून त्याला काय दिलं असतं मी? तो इतक्या मायेनं लपवत होता, त्याला वाटत होतं आई सुखात आहे. मग ती तशीच सुखात राहिली. दोन वर्षं एक लपवत होता आणि दुसरी न कळल्यासारखं करत होती, आणि मी मधे बसून त्यांना गप्पा ऐकवत होते.

"आणि रत्ना," ती म्हणाली, "त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा न उडालेल्या बाराजवळ जात नाही. तू सांगितलंस ते चांगल्या मनानं सांगितलंस."

मला तोंड वर करवेना. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, झालं गेलं, आता तरी जाऊ नकोस, तिथं कोण आहे तुझं?

"कोणी नाही," अक्का म्हणाली. "म्हणूनच जाते. तिथं जमीन हलली तरी आता माझं खाली कोणी नाही, मला उठायला नको. इथं पाय आपोआप उठतात, आणि तू आहेस. मी धावले की तू माझ्यामागं धावतेस. परवा मनगटावर निभावलं."

गाडी लागली तशी गर्दी उठली. मी तिची ट्रंक आत चढवली, तिला खिडकीजवळ बसवलं, आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिले. तिनं माझं मनगट हातात घेऊन बघितलं, सूज उतरली का ते. उतरली होती. गाडी हलेपर्यंत तिनं ते धरून ठेवलं आणि मग सोडलं.